बाटली

आमच्या सेवाफेरीला नाव दिलं मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या उपदेशकांनी. धरणाच्या काठावर उभं राहून त्यांनी पाण्यात घुसलेली डोंगराची सोंड पाहिली आणि म्हणाले, "ही तर बेटं आहेत. ही बेटांवरची सेवा." आठवड्याभरात लोणावळ्याच्या छापखान्यातून फलक आला, ‘बेटांवरील सेवा’, आणि खाली नारळाच्या झाडाचं चित्र. मावळात धरणाकाठी नारळ कुणी लावत नाही, पण छापणाऱ्याकडे बेटाचं तेवढंच चित्र होतं.

पहिल्या फेरीत तो फलक आम्ही वाडीतल्या आंब्याला बांधला. एका आबांनी तो अक्षर जुळवत वाचला.

"कुटलं बेट? बांबूचं व्हय? ते वरच्या अंगाला हाय. तितं कसली सेवा करनार?"

"आबा, बेट म्हणजे ही तुमची वाडी. चारी बाजूंनी पाणी आहे ना."

"तीन बाजूंनी," आबा म्हणाले. "चवथ्या बाजूला कडा हाय. आन् पानी आमी न्हाई आनलं. ते आलं."

त्यानंतर फलक पुन्हा बांधला नाही. कापड जाड होतं, होडीत औषधांच्या पेटीवर टाकायला उपयोगी पडलं.

बेट म्हणणं तसं अगदी खोटं नव्हतं. धरण झालं तेव्हा खालची भातखाचरं बुडाली आणि लोक वर सरकून सोंडेवर राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून एक पायवाट उघडी पडते, तिने सकाळी निघालं तर दुपारपर्यंत डांबरी रस्त्याला लागता येतं. पावसाळ्यात ती बुडते. मग होडी, आणि वारा सुटला की होडीही नाही. अलीकडच्या काठावर आता तंबूंचे कॅम्प झाले आहेत. शनिवार-रविवार पुण्यामुंबईची पोरं येऊन मोठ्याने गाणी लावतात, ती पल्याड शब्दन् शब्द ऐकू जातात. पल्याड ऐकू सगळं जातं, पोचत काही नाही.

मी लोणावळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. आमची मंडळी लहान. मंडळी म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं, आम्ही ख्रिस्ती लोक हाच शब्द वापरतो. रेल्वेतले, शाळेतले, हॉटेलातले नोकरदार. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही पल्याड जायचो. पाळकसाहेब, मी, आणि रजा मिळाली तर मंडळीतले एक डॉक्टर. पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू, माझ्याहून वयाने लहान, मनाने चांगले आणि पाण्याला घाबरणारे. होडीत बसले की दोन्ही हातांनी फळी धरायचे आणि पलीकडचा काठ येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. होडीवाला एरवी कॅम्पवाल्यांना फिरवायचा. तो म्हणायचा, "शनवारी सकाळी देवाची पार्टी, संध्याकाळपासनं बाकीच्या पार्ट्या." आम्ही देवाची पार्टी.

वाडीत पोचलं की आंब्याखाली सतरंजी अंथरायची, पेटी ठेवायची. पेटी उघडण्याआधी पाळकसाहेब झाकणावर हात ठेवून प्रार्थना करायचे. त्यांची ‘थोडक्यात प्रार्थना’ थोडक्यात होत नाही, पण वाडीतल्या लोकांनी ती शिस्तीत स्वीकारली. चपला काढायचे, बाया पदर घ्यायच्या, सगळे डोळे मिटायचे. त्याला त्यांनी नावही दिलं होतं. कुणी उशिरा आलं की विचारायचं, "डोळं मिटायचं झालं का?" झालं असलं की रांग. येशू कोण, कुठला, हे विचारायला कुणी यायचं नाही. पाळकसाहेब सांगायचे, लोक ऐकायचे, मग गुडघे दाखवायचे. मला त्यात गैर वाटलं नाही. माझी श्रद्धा आहे, पण मी पेटी घेऊन जायचे ती गुडघ्यांसाठी.

पहिल्या पावसाळ्यात एक अडचण आली. गोळ्या आम्ही कागदाच्या पुड्यांत द्यायचो आणि मावळातल्या हवेत त्या चार दिवसांत सादळायच्या. पत्र्याच्या डब्यात ठेवा म्हटलं, तर डब्यात मीठ. मग मी मंडळीतल्या बायकांना सांगितलं, घरातल्या रिकाम्या बाटल्या टाकू नका. मधाच्या, लोणच्याच्या, मुरांब्याच्या, फिरकीच्या झाकणाच्या. उकळून, वाळवून, त्यात गोळ्या भरून मी द्यायला लागले. गोळ्या टिकल्या. वाडीत घरोघरी कोनाड्यात बाटल्या दिसायला लागल्या. पाहुणे आले की लोक दाखवायचे, "ही आमची बाटली."

त्या पोरीची बाटली मधाची होती, चौकोनी.

पोरगी म्हणते, पण एका लेकीची आई होती ती. सासर अलीकडच्या काठाला, रस्त्याकडेच्या गावात. सासूची भज्यांची आणि कणसांची टपरी, नवरा एका रिसॉर्टची गाडी चालवायचा. बाळंतपणानंतर तिला फिट यायला लागल्या. दोनतीन वर्षं सासरच्यांनी अंगारे केले, एका बाबाकडे नेलं, मग एकदा ती टपरीवर गिऱ्हाइकांसमोर पडली तेव्हा सासूने होडीत बसवून माहेरी पाठवली. लेक ठेवून घेतली. निरोप असा होता की फिट थांबल्या की ये, पोर तुझीच आहे.

म्हणजे गोष्ट सोपी होती. फिट थांबल्या तर तिला तिची लेक मिळणार होती.

डॉक्टरांनी तिला तपासलं, पुण्याला नेऊन तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या. रोज घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. तिला मी दोनदा सांगितलं आणि तिच्या आईला चारदा. आई हुशार होती. सूर्य कड्यावर आला की एक, दिवा लावला की एक, असं तिने बसवून टाकलं. पहिल्या महिन्यात एक फिट आली, दुसऱ्यात एक हलकीशी, मग नाही. होळी गेली, पाडवा गेला. आंब्याखाली ती रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहायला लागली. अंगावर मांस आलं, केस विंचरायला लागली. एकदा मला म्हणाली, "शिष्टर, पोरीला आता वेणी घालाया येती का काय कुनाला ठावं. तिची आजी नुसता रबर लावती."

पाणी उतरून पायवाट उघडी पडली तेव्हा ती स्वतः चालत सासरी गेली. बरी झाले हे दाखवायला. आणि बरोबर बाटली घेऊन गेली.

मला हे होडीत कळलं. होडीवाल्याने सांगितलं, आणि तो विनोद म्हणून सांगत होता.

"शिष्टर, नवी ऐकली का?"

"काय?"

"तुमची ती फिटवाली. सासूला बाटली दाखवाया गेलती. सासूनं इचारलं, कुटनं आनली? ही म्हनली, पल्याड पेटीव हात ठिवून, डोळं मिटून देत्यात. तर सासू काय म्हनली ठावं हाय? बाटली दाखवाया आली, आन् सोताच बाटली."

तो मान मागे टाकून हसला. पाळकसाहेबही हसले, शब्दाचा खेळ आधी कळला म्हणून. अर्थ मागून पोचला, तेव्हा त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बाटणं हा शब्द आता फक्त जुन्या कादंबऱ्यांत उरला असेल असं लोणावळ्यात वाटतं. आमच्या घरात तसं कुणाला कधी वाटलं नाही. माझ्या आजोबांना त्यांच्या गावाने मरेपर्यंत ‘बाटगा’ म्हणूनच हाक मारली. ते ओ द्यायचे. म्हणायचे, पोस्टमनला पत्ता कळतो ना, मग झालं. त्यामुळे शब्दाचं मला काही वाटलं नाही. मला भीती वाटली ती विनोदाची. नुसती शिवी लोक विसरतात, जुळलेली ओळ विसरत नाहीत. त्या दिवशी शेजारची टपरीवाली हसली, तिने ती ओळ घरी नेली, आणि आठवड्यात ती होडीवाल्यापर्यंत आली होती. चांगली ओळ होती, हीच अडचण.

परतताना गाडीत मी पाळकसाहेबांना म्हटलं, "पुढच्या वेळी पेटीवर हात नका ठेवू."

"म्हणजे प्रार्थना लपवून करायची?"

"लपवून नको. होडीत करा. अलीकडच्या काठावर करा. देवाला काठाशी काय करायचंय?"

"सिस्टर, मी कुणाला बाटवायला जात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. त्या सासूला कोण सांगणार?"

कामशेतच्या फाट्याला ते म्हणाले, "होडीत मला जमणार नाही. मी डोळे मिटले तर मला चक्कर येते." ते खरं होतं. शेवटी त्यांनी गाडीतच करायचं ठरवलं, उतरण्याआधी.

पुढच्या शनिवारी आंब्याखाली सतरंजी टाकली आणि मी सरळ पेटी उघडली. लोक चपला काढून उभे होते. कुणी पुढे येईना.

"आज डोळं मिटायचं न्हाई व्हय?" एका मावशीने विचारलं.

"झालं ते, मावशी. गाडीत केलं."

"आमी कुटं गाडीत होतो?"

मी म्हटलं, गोळ्या त्याच आहेत, गुण गोळ्यांचा आहे. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. फलक वाचणारे आबा म्हणाले, "मंग मागल्या खेपंला कशापाई करत व्हता?" पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते आणि मी पेटीत बघत होते. काही जण गोळ्या न घेताच गेले. त्या मावशीने बाटली घेतली, पण झाकण उघडून वास घेतला, बिघडलेलं दूध हुंगावं तसा.

त्यानंतर सुट्टीच्या एका दिवशी मी मुद्दाम सासूच्या टपरीवर गेले. पाऊस नुकताच लागला होता, गिऱ्हाईक तुरळक होतं. मी कोण हे तिला सांगावं लागलं नाही.

"बसा शिष्टर. चा घेनार ना? आमच्या हातचा चालतो ना तुमाला?"

"मला कुणाच्याही हातचा चालतो."

"त्येच तर," ती म्हणाली, आणि गाळणं शोधायला लागली.

बाई माझ्याच वयाची होती. कामाला तशीच. एक हात चहावर, एक हात भज्यांच्या पिठात. चारेक वर्षांची नात टपरीच्या मागच्या बाजूला उलट्या पाटीवर बसून कणसाचे केस सोलत होती. डोक्याला दोन रबर लावलेले.

मी सरळ विषय काढला. गोळ्या बंद केल्या तर फिट परत येतील. चालू ठेवल्या तर कदाचित कधीच येणार नाहीत.

"मी काय आंधळी हाय का?" ती म्हणाली. "चालत आली गाळातनं. तोंडाव तेज आलं व्हतं. बघितलं की मी."

"मग?"

"मग काय. माझ्या धाकल्याचं लगीन व्हायचंय. दोन ठिकानी बोलनं चाललंय. बाटलेली सून घरात हाय म्हनलं की कोन पोरगी दील?"

"ती बाटलेली नाही. तिने फक्त गोळ्या घेतल्या."

"ते तुमी आन् मी हितं बसून बोलतोय. गावाला कोन सांगंल?"

"पण ती ओळ तुमचीच."

पिठातला हात थांबला. "तोंडातनं गेली," ती म्हणाली. "आता काय करता. जुळली म्हनून गेली."

मी म्हटलं, याच गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. बाटली नाही, प्रार्थना नाही. पाकिटात येतात.

"कोन आनून दील? आशाताई? ती शेजारच्या टपरीवालीची सून हाय." तिने भजी तेलात सोडली. "बाटली फोडली, पन आतलं त्येच हाय, असं म्हनतील. मी वळखते ना यांना. मीच म्हनले असते."

"फिट आली तर?"

"आली तर आमी बघू. आधी बघत व्हतो तसं. पन बाटली या घरात न्हाई. तुमचं ऐकती ती, तुमीच सांगा. बाटली सोड आन् ये. पोर वाट बघती."

यात वाईट हेतू नव्हता. तिने मला भजी बांधून दिली. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी विचार केला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते आवडणारं नव्हतं.

निरोप सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. पल्याड तो आधीच पोचला होता. पुढच्या फेरीत ती रांगेत नव्हती. मी तिच्या घरी गेले तर ती पडवीत गाठोडं बांधत होती आणि आई भिंतीला टेकून बसली होती.

"शिष्टर, एक इचारू?" ती म्हणाली. "गोळी सोडली की फिट कवा येती? आठ दिसांनी का महिन्यानं?"

"सांगता येत नाही. आठ दिवसांत येईल, महिन्याने येईल. पण येईल."

"महिना मिळंल का?"

"मिळेलही. अगं, पण त्याचा काय उपयोग?"

"महिनाभर तर ऱ्हाते पोरीपाशी."

मी तिला बरंच काही ऐकवलं. टपरीवर उकळतं तेल असतं. रस्त्याला गाड्या असतात. पोर कडेवर असेल आणि तू पडलीस तर? आईकडे वळून म्हटलं, मावशी, तुम्ही सांगा हिला. आई म्हणाली, "मी सांगून बघितलं. ती म्हनती, तू तुझ्या लेकीपाशी हायेस, मला माज्या लेकीपाशी जाऊ दी."

मी तिला निदान एकदम बंद करू नकोस, कमी कमी कर म्हटलं, कसं ते डॉक्टरांना फोनवर विचारून सांगितलं. देवळाच्या ओट्यावर चढलं की फोन लागतो. तिने ऐकून घेतलं. पण गाठोड्यात गोळ्या सापडल्या तर संपलं, असं म्हणत तिने बाटली माझ्या हातात दिली. धुऊन, पुसून, झाकण लावून. उरलेल्या गोळ्या तिने कोंबड्या खातील म्हणून चुलीत टाकल्या होत्या.

आमच्याच होडीतून ती अलीकडे आली. पाळकसाहेबांनी फळी धरली होती, तिने गाठोडं. ती सारखी पुढे वाकून काठ बघत होती. उतरली आणि मागे न बघता चढ चढून गेली. होडीवाला म्हणाला, "गेली बघा," आणि या वेळी हसला नाही.

महिना तिला मिळाला नाही. श्रावणातली गर्दी होती, धबधब्याला आलेल्या गाड्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लागल्या होत्या. ती तळणावर बसली होती. उजवा हात कढईत गेला. सासूनेच तिला ओढलं, तिच्या स्वतःच्या हातावरही तेल उडालं. तळेगावच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं होतं हे मला नंतर कळलं. तिथून ती सासरी गेली नाही. हाताला पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत नवऱ्याने तिला होडीत बसवून दिलं. बरोबर आला नाही.

याच सुमारास आमच्या फेऱ्या थांबल्या. वाडीत पूर्वी कुणीतरी मोबाइलवर डोळे मिटलेल्या लोकांचा व्हिडिओ काढला होता, तो रस्त्याकडेच्या गावात फिरत होता. होडीवाल्याला कुणीतरी समज दिली. त्याने मला फोन केला, "शिष्टर, देवाची पार्टी बंद करा म्हनत्यात. माजी बोट हाय, पोट हाय." मंडळीच्या सभेत दोन रविवार चर्चा झाली. कुणी म्हणालं छळ सोसला पाहिजे, कुणी म्हणालं मुलांच्या शाळा आहेत. पाळकसाहेबांनी शेवटी वातावरण निवळेपर्यंत थांबू असं सांगितलं. वातावरण निवळण्याची वाट बघणं हे काम आमच्या मंडळीला चांगलं जमतं. ते अजून चालू आहे.

थंडी पडल्यावर मी एकटी गेले. पेटी नाही, सतरंजी नाही, पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं. होडीवाल्याला म्हटलं, मी कॅम्पची पाहुणी आहे, फिरायला निघाले आहे. तो म्हणाला, "पर्स घिऊन?" पण त्याने नेलं.

ती घरामागच्या उतारावर गवत कापत होती, डाव्या हाताने. उजव्याची कातडी आवळून बोटं आत वळली होती. मी हात बघितला. व्यायाम सांगितला असता तर थोडा उपयोग झाला असता, तोही कुणी सांगितला नव्हता. मी सांगितला. तिने दोनदा करून दाखवला आणि विळा परत उचलला.

"फिट?"

"येत्यात."

मी पर्स उघडली. तिने पाकिटांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आता कशाला, शिष्टर? त्यांनी दुसरी आनली. पोर तिला आई म्हनाया लागली."

"पोरीसाठी नको घेऊस. चुलीपाशी बसतेस म्हणून घे. पाण्यावर जातेस म्हणून घे."

"पान्याव आई जाऊ देत न्हाई. चूलबी तीच बघती." ती थोडा वेळ गवत कापत राहिली. "फिट आली की तेवढा येळ काय कळत न्हाई. उठल्याव पन लय येळ काय आठवत न्हाई. बरं असतं ते."

यावर काय म्हणायचं ते नर्सिंगमध्ये शिकवलेलं नाही, चर्चमध्ये शिकवलेलं आहे ते तिथे उतारावर उच्चारण्याजोगं नव्हतं.

मग तिने विळा खाली ठेवला आणि विचारलं, "शिष्टर, मला खरंच बाटवलं व्हतं का तुमी?"

"नाही."

"डोळं मिटलं की व्हत न्हाई?"

"नाही. डोळे मिटून कुणी काही होत नाही."

"मग मी कोन हाय?"

"होतीस तीच आहेस."

"ती तर ऱ्हायली न्हाई," ती म्हणाली. रागाने नाही. एसटी गेली असं सांगावं तसं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती गोठ्याकडे गेली.

तिची आई अंगणात होती. मी पाकिटं तिच्या हातात दिली. दोन महिने पुरतील एवढ्या गोळ्या होत्या. ती म्हणाली, भाकरीत चुरून देते, तिला कळायचं नाही. मी म्हटलं चुरून चालेल. कशी वाढवत न्यायची, किती द्यायची, सगळं सांगितलं. तिने मागच्यासारखंच पटकन समजून घेतलं, सूर्य कड्यावर आला की एक, दिव्याला एक.

"आन् संपल्याव?"

"संपल्यावर परत लागतील. मधे थांबवायच्या नाहीत. एकदम थांबल्या की फिट आधीपेक्षा जोरात येते, एकामागून एक येते. जीवसुद्धा जातो."

"तुमी आनून देनार?"

मी होडीकडे पाहिलं. होडीवाला काठावर उभा राहून मला हात करत होता, समोरच्या काठावर कॅम्पची माणसं जमली होती. तो मला पुन्हा नेईल का, हे मला माहीत नव्हतं. आशाताई कुणाची सून, ते आम्हा दोघींना माहीत होतं. पायवाट उघडी पडायला उन्हाळा यायचा होता. तिला खोटं सांगणं मला बरोबर वाटलं नाही.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

तिने विचार केला. फार वेळ लावला नाही. पाकिटं नीट एकावर एक ठेवली, माझी पर्स स्वतः उघडली आणि आत घातली.

"मंग नगंच," ती म्हणाली. "हाय ते सोसंल. जास्तीचं नगं."

औषधाच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं. मी तिला तसं सांगितलं. तिने पाणी विचारलं, मी प्यायले, आणि उतरून होडीत बसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी ती पाकिटं कपाटात परत ठेवली. त्यांची मुदत अजून बरीच बाकी होती. पुढच्याच आठवड्यात कुसगावच्या एका रिक्षावाल्याच्या बायकोला त्याच गोळ्या लिहून मिळाल्या, तेव्हा काढून दिल्या. रोज घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही, असं तिलाही दोनदा सांगितलं.